आपल्या पक्षाच्या युद्धाला प्रश्न कोण विचारणार?

सीरियातील तेव्हाच्या असद राजवटीने आपल्याच नागरिकांवर विषारी वायूचा प्रयोग केला, म्हणून अमेरिकेने तिच्यावर क्षेपणास्त्रे डागावीत काय, या प्रश्नावर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि ‘एबीसी न्यूज’ यांनी अमेरिकी जनतेचे मत दोनदा आजमावले. सप्टेंबर २०१३मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी अवघ्या २२ टक्के लोकांनी होकार दिला होता. एप्रिल २०१७मध्ये तोच आकडा ८६ टक्क्यांवर गेला. पहिल्या वेळी कारवाई केवळ प्रस्तावित होती आणि दुसऱ्या वेळी ५९ क्षेपणास्त्रे डागून झाली होती, हा फरक ध्यानात घेतला तरी जवळजवळ चौपट वाढीचा उलगडा तेवढ्याने होत नाही. राजवट तीच होती, अपराध तोच होता, शस्त्रही तेच होते. बदलले होते ते व्हाइट हाउसमधील अध्यक्ष. २०१३मध्ये तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा होते, २०१७मध्ये रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प.

यावरून रिपब्लिकन तेवढे ढोंगी आणि डेमोक्रॅट तेवढे तत्त्वनिष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ओबामा यांनी २००७मध्ये उमेदवार असताना सांगितले होते, की देशावर प्रत्यक्ष वा तातडीचे संकट नसेल तर अध्यक्षाला स्वतःच्या अखत्यारीत लष्करी हल्ल्याचा आदेश देण्याचा अधिकार राज्यघटना देत नाही. त्याच ओबामांनी २०११मध्ये काँग्रेसच्या संमतीवाचून लिबियावर हवाई कारवाई सुरू केली. कायद्याने घालून दिलेली साठ दिवसांची मुदत उलटून गेल्यावर त्यांच्या प्रशासनाने असा युक्तिवाद केला, की अमेरिकी सैनिक जमिनीवर लढत नसल्याने या कारवाईला ‘शत्रुत्वाची कारवाई’ म्हणताच येत नाही. हाच युक्तिवाद एखाद्या रिपब्लिकन अध्यक्षाने केला असता, तर ज्यांनी आकाशपाताळ एक केले असते, त्यांपैकी अनेकांनी तेव्हा मौन पाळले. त्याच्या आधी, एप्रिल १९९९मध्ये, क्लिंटन यांच्या कोसोवोतील हवाई मोहिमेला पाठिंबा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २१३ अशा समसमान मतांनी अडला, तेव्हा विरोधकांत बहुसंख्य रिपब्लिकन होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय परराष्ट्र धोरणातही कसा चालतो, याची ही काही ठळक उदाहरणे.

प्रश्न केवळ दुटप्पीपणाचा असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. राजकीय पक्ष सत्तेत एक आणि विरोधात दुसरे बोलतात, हे कोणत्याही लोकशाहीतील मतदाराला नवे नाही. परंतु करवाढीच्या वा अनुदानाच्या प्रश्नावर झालेली चूक पुढच्या अर्थसंकल्पात दुरुस्त करता येते. युद्धाच्या निर्णयातील चूक तशी दुरुस्त होत नाही. म्हणूनच युद्धाचा निर्णय एका व्यक्तीच्या हाती असू नये, अशी तजवीज अमेरिकी राज्यघटनेच्या शिल्पकारांनी केली. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि अध्यक्षाला सरसेनापतिपद दिले. सत्तेच्या सर्व शाखांमध्ये कार्यकारी शाखेलाच युद्धाचा मोह अधिक असतो, म्हणून हा अधिकार जाणीवपूर्वक विधिमंडळाकडे सोपवला, असे जेम्स मॅडिसन यांनी लिहून ठेवले आहे.

या योजनेत एक गृहीत होते. काँग्रेसचा सदस्य आपल्या सभागृहाच्या अधिकाराबद्दल दक्ष असेल, अध्यक्षाने त्यावर अतिक्रमण केले तर तो खवळून उठेल, आणि एका संस्थेची महत्त्वाकांक्षा दुसरीच्या महत्त्वाकांक्षेला वेसण घालील, असे घटनाकारांनी धरले होते. संघटित राजकीय पक्षांचा विचार त्या रचनेत नव्हता. पक्ष आले आणि सदस्याची निष्ठा सभागृहापेक्षा पक्षाशी जोडली गेली. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असेल तर त्याचे अपयश हे स्वतःचे अपयश ठरू लागले आणि तो दुसऱ्या पक्षाचा असेल तर त्याचे यश ही स्वतःची हानी ठरू लागली. अमेरिकेने युद्धाची औपचारिक घोषणा शेवटची केली ती १९४२मध्ये. कोरियापासून इराकपर्यंतची पुढची सारी युद्धे त्या घोषणेविनाच लढली गेली.

या इतिहासातील पहिला मोठा धडा १९६४चा आहे. टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लष्करी बळाच्या वापराची मोकळीक मागितली. त्यांपैकी दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ अशा मतांनी ती मोकळीक दिली. विरोधात मत देणारे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग हे दोघेही जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. हा ठराव सिनेटमधून पार नेण्याची जबाबदारी परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांनी उचलली. तीन महिन्यांवर अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि समोर बॅरी गोल्डवॉटर यांच्यासारखा कडवा प्रतिस्पर्धी होता. आपल्या पक्षाच्या अध्यक्षाला निवडणुकीत बळ मिळावे, हा हेतू फुलब्राइट यांच्या मनात होता. व्हिएतनाममध्ये पुढे ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. व्हिएतनामी मृतांची संख्या तर कित्येक लाखांच्या घरात आहे.

परंतु फुलब्राइट येथेच थांबले नाहीत, आणि म्हणून त्यांचे उदाहरण महत्त्वाचे. फेब्रुवारी १९६६मध्ये त्यांनी आपल्या समितीपुढे व्हिएतनाम युद्धाची जाहीर सुनावणी आरंभली. दूरचित्रवाणीवरून देशाने ती पाहिली. सोव्हिएत संघाला रोखून धरण्याच्या धोरणाचे जनक मानले जाणारे जॉर्ज केनन यांनीच त्या समितीपुढे या युद्धाच्या उपयुक्ततेविषयी शंका उपस्थित केली. रिपब्लिकनांनी अशी सुनावणी घेतली असती तर तिची वासलात ‘विरोधकांचे राजकारण’ म्हणून लावता आली असती. सत्ताधारी पक्षाचा ज्येष्ठ सदस्य स्वतःच्या अध्यक्षाच्या मंत्र्यांची उलटतपासणी घेतो, हे दृश्य मात्र सामान्य नागरिकाला हलवून गेले. युद्धाला विरोध करणे म्हणजे देशद्रोह नव्हे, ही गोष्ट त्या सुनावणीने मध्यमवर्गीय घरात पोहोचवली. दोन वर्षांनी जॉन्सन यांना आव्हान मिळाले तेही स्वपक्षातूनच, यूजिन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांच्याकडून; आणि ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. १९७३मध्ये अध्यक्षाचे हात बांधणारा युद्धाधिकार कायदा निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत झाला, तोही निक्सन यांच्याच पक्षातील अनेक सदस्यांच्या साथीने. सैन्य युद्धात उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवणे आणि संमती न मिळाल्यास साठ दिवसांत कारवाई आवरती घेणे, ही बंधने त्या कायद्याने घातली.

कायदा झाला, पक्षीय गणित मात्र तेच राहिले. जानेवारी १९९१मध्ये कुवेतच्या मुक्ततेसाठी थोरल्या बुश यांनी काँग्रेसची संमती घेतली, तेव्हा नोव्हेंबरची निवडणूक पार पडली होती आणि सदस्यांना मोकळेपणाने मत देता आले. सिनेटमध्ये ठराव ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या फरकाने संमत झाला. बहुसंख्य डेमोक्रॅट विरोधात होते. युद्ध मात्र थोडक्यात आटोपले, अमेरिकेची हानी अल्प झाली आणि विरोधात मत दिलेल्यांची राजकीय पंचाईत झाली. ज्याला अध्यक्षपदाची आकांक्षा आहे त्याने युद्धाच्या विरोधात मत देऊ नये, हा धडा डेमोक्रॅटिक पक्षाने त्यातून घेतला. तो धडा चुकीचा होता. पण अकरा वर्षांनी इराकच्या ठरावावर मतदान झाले, ते त्याच धड्याच्या छायेत.

२००२चा घटनाक्रम पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे. जानेवारीत बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांनी पक्षाच्या बैठकीत सांगितले, की देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत लोकांचा रिपब्लिकनांवर अधिक विश्वास असल्याने हा विषय घेऊन मतदारांसमोर जाता येईल. सप्टेंबरमध्ये व्हाइट हाउसचे प्रमुख अधिकारी अँड्रयू कार्ड यांनी, नवा माल ऑगस्टमध्ये बाजारात आणायचा नसतो, अशा आशयाचे विधान करून इराकविषयीच्या प्रचाराच्या वेळेचे समर्थन केले. १० ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ मतांनी आणि ११ ऑक्टोबरच्या पहाटे सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्षांना इराकविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार दिला. काँग्रेसच्या निवडणुकीला महिनाही उरला नव्हता.

मतांची विभागणी बोलकी आहे. प्रतिनिधिगृहातील २१५ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले, विरोधात केवळ सहा गेले. सिनेटमधील ४९ रिपब्लिकनांपैकी विरोधात उभे राहिले एकटे ऱ्होड आयलंडचे लिंकन चेफी. डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला; प्रतिनिधिगृहात ८१ बाजूने आणि १२६ विरोधात, तर सिनेटमध्ये २९ बाजूने आणि २१ विरोधात. अध्यक्षपदाकडे डोळे लावून बसलेले जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, जोसेफ लीबरमन आणि रिचर्ड गेपहार्ट हे चौघेही ‘बाजूने’च्या रांगेत होते, हिलरी क्लिंटन आणि जो बायडेनही. बॉब ग्रॅहम आणि डेनिस कुसिनिच हे इच्छुकांमधील अपवाद. ग्रॅहम सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. इराककडील कथित सर्वसंहारक अस्त्रांविषयीचा नव्वदहून अधिक पानांचा गोपनीय अहवाल त्यांनी वाचला, त्यातील शंका आणि मतभेद पाहिले आणि विरोधात मत दिले. तो अहवाल पुरता वाचणारे सदस्य बोटांवर मोजण्याइतके होते. अधिकाराला मुदतीची अट घालणारी, वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांची सूचनाही फेटाळली गेली.

ज्यांनी निवडणुकीच्या भयाने बाजूने मत दिले, त्यांना त्या मताने तरी वाचवले काय? जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लीलंड यांचे दोन्ही पाय आणि एक हात व्हिएतनामच्या युद्धात गेले होते. त्यांनी इराकच्या ठरावाला पाठिंबा दिला. तरीही प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दाम यांच्या छायाचित्रांसोबत त्यांना झळकवून ते देशाच्या संरक्षणाबाबत ढिले असल्याचे सूचित करण्यात आले आणि ते पराभूत झाले. मिनेसोटाचे पॉल वेलस्टन यांनी मात्र निवडणूक तोंडावर असताना विरोधात मत देण्याचे धैर्य दाखवले. २५ ऑक्टोबरला विमान अपघातात त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या मताची परीक्षा मतपेटीत व्हायची राहून गेली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मार्च २००३मध्ये युद्ध सुरू झाले, १ मे रोजी विमानवाहू नौकेवरून मुख्य लढाई संपल्याची घोषणा झाली आणि खरे युद्ध त्यानंतर पेटले. अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. २०११पर्यंत सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी नागरिक प्राणांस मुकले. त्या उद्ध्वस्त भूमीतून ‘इस्लामिक स्टेट’ उभी राहिली. जून २०१४मध्ये तिने मोसुलमधून ३९ भारतीय मजुरांचे अपहरण केले. त्यांपैकी बहुतांश पंजाबचे होते. ते सर्व मारले गेल्याची घोषणा मार्च २०१८मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना राज्यसभेत करावी लागली. वॉशिंग्टनमधील एका निवडणुकीच्या हिशेबाची किंमत किती दूरवर आणि किती वर्षांनी कोणाला चुकवावी लागते, हे यावरून दिसावे.

पक्षांनाही ती चुकवावी लागली. २००४मध्ये केरी यांना युद्धखर्चाच्या ८७ अब्ज डॉलरच्या विधेयकाला आपण आधी पाठिंबा दिला आणि मग विरोध केला, असे सांगण्याची वेळ आली आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्या वाक्याचे शस्त्र केले. २००६मध्ये रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहे गमावली. एकट्याने विरोधात मत दिलेले चेफीही त्या लाटेत पडले. २००८मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या २००२च्या मताने ओबामांना वाट मोकळी करून दिली. शिकागोतील एका सभेत युद्धाला विरोध करणारे भाषण, एवढीच त्या वेळच्या या राज्यस्तरीय सिनेटरची शिदोरी होती. आणि फेब्रुवारी २०१६मध्ये साउथ कॅरोलायनातील वादसभेत ट्रम्प यांनी धाकट्या बुश यांच्या भावासमोर इराक युद्ध ही घोडचूक असल्याचे सुनावले. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली, पण आठवडाभरात त्या राज्यातील रिपब्लिकन मतदारांनी त्यांनाच विजयी केले. चौदा वर्षांपूर्वी जो पक्ष जवळजवळ एकमुखाने युद्धाच्या बाजूने उभा होता, त्याच्याच मतदारांनी त्या युद्धाला चूक म्हणणारा नेता निवडला. पण हे सारे वरातीमागून घोडे होते.

याच काळात ब्रिटनमध्ये काय घडले, ते तुलनेसाठी उपयोगी आहे. १८ मार्च २००३ रोजी कॉमन्स सभागृहात युद्धाच्या ठरावावर मतदान झाले. आदल्या दिवशी माजी परराष्ट्रमंत्री आणि तेव्हाचे सभागृहनेते रॉबिन कुक यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. युद्धाची आवश्यकता सिद्ध झालेली नाही, या उपसूचनेच्या बाजूने २१७ मते पडली आणि त्यांत १३९ मते सत्ताधारी मजूर पक्षाच्या सदस्यांची होती. हुजूर पक्षाने टोनी ब्लेअर यांना साथ दिली आणि मुख्य ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. युद्ध टळले नाही. तरीही ती बंडखोरी वाया गेली नाही. युद्धापूर्वी संसदेला विचारावे लागते, असा पायंडा तेथे पडला. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव कॉमन्सने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला, तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या हुजूर पक्षातील तीस सदस्य विरोधात गेले होते. दोनच दिवसांनी ओबामांनीही काँग्रेसकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. २०१६च्या चिल्कॉट अहवालाने, शांततेचे मार्ग संपण्याआधीच इराकवर आक्रमण झाले आणि गुप्तवार्तेची मांडणी अवाजवी खात्रीने केली गेली, असे नमूद केले. कुक यांनी तेच तेरा वर्षे आधी सभागृहात सांगितले होते.

अमेरिकेत मात्र २००२चा ठराव मुदतीविना जिवंत राहिला. सद्दाम फाशी गेले, अमेरिकी सैन्य परतले आणि पुन्हा गेले, तरी तो कायद्याच्या पुस्तकात होताच. जानेवारी २०२०मध्ये इराणी सेनानी कासिम सुलेमानी यांना ठार केल्यावर ट्रम्प प्रशासनाने त्याच ठरावाचा आधार पुढे केला. इराकसाठी दिलेली परवानगी इराणच्या सेनापतीवर वापरली गेली. त्यानंतर इराणविरुद्ध युद्धाला आळा घालणारा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला, सिनेटमध्ये आठ रिपब्लिकनांच्या साथीने. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून तो रद्द केला. इराकचे जुने ठराव रद्द करण्याची तरतूद अखेर डिसेंबर २०२५मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून झाली, तेव्हा तेवीस वर्षे लोटली होती. त्याच वर्षी २२ जूनला फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान येथील इराणी अणुकेंद्रांवर काँग्रेसला न विचारता बॉम्बफेक झाली. पाच दिवसांनी सिनेटमध्ये अध्यक्षांना अटकाव करणारा ठराव ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. त्या दिवशी पक्षाची रेषा ओलांडली ती दोघांनीच. रिपब्लिकन रँड पॉल यांनी ठरावाच्या बाजूने आणि डेमोक्रॅट जॉन फेटरमन यांनी विरोधात मत देऊन. शंभर सदस्यांच्या सभागृहात अठ्ठ्याण्णव सदस्यांचे मत त्यांच्या पक्षावरूनच सांगता येत असेल, तर त्या चर्चेला विचारविनिमय म्हणणे कठीण आहे.

भारतालाही या कहाणीत स्थान आहे. २००३मध्ये इराक युद्धावर भारतीय संसदेने काय म्हणावे, यावरून सरकार आणि विरोधक यांच्यात शब्दांचा खल झाला. विरोधकांना कठोर शब्द हवा होता. अमेरिकेशी वाढते संबंध जपणाऱ्या वाजपेयी सरकारला सौम्य. अखेर मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेत एप्रिलमध्ये एकमताने संमत झालेल्या ठरावात ‘निंदा’ हा हिंदी शब्द आला, ज्याचा इंग्रजी अनुवाद ज्याने त्याने आपापल्या सोयीने कठोर वा सौम्य करावा. या तडजोडीची तेव्हा थट्टा झाली. परंतु खरी कसोटी त्यानंतर होती. उत्तर इराकमध्ये एक डिव्हिजन, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास सैनिक पाठवावेत, अशी अमेरिकेची विनंती होती आणि सत्ताधारी वर्तुळातही ती मान्य करावी, असे मानणारा मतप्रवाह होता. सोनिया गांधी यांनी पत्र लिहून विरोध नोंदवला. वाजपेयींनी घाई केली नाही, विरोधकांशी बोलणी केली आणि १४ जुलै २००३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट अधिकाराविना सैन्य न पाठवण्याचा निर्णय सुरक्षाविषयक समितीने घेतला. वर्षअखेरीस चार राज्यांच्या निवडणुका होत्या, हे सरकारच्या मनात नव्हते असे म्हणता येणार नाही. तरीही संसदेचा एकमताचा ठराव हाती असल्याने पंतप्रधानांना मित्रदेशाला नकार देणे सोपे गेले, आणि स्वपक्षातील उत्साही मंडळींनाही.

मात्र यावरून भारतीय व्यवस्था अधिक सुदृढ असल्याचे समाधान मानण्याचे कारण नाही. भारतीय राज्यघटनेत युद्धापूर्वी संसदेची संमती घेण्याची सक्ती नाही. १९६२मध्ये चीनपुढे झालेल्या पीछेहाटीनंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. तेथेही निर्णायक ठरला तो विरोधी बाकांवरचा गदारोळ नव्हे, तर काँग्रेस संसदीय पक्षातील असंतोष. नेहरूंसारख्या नेत्यालाही स्वपक्षाच्या खासदारांपुढे झुकावे लागले. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मात्र पक्षादेश डावलून मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्वच धोक्यात येते. अमेरिकी सिनेटर पक्षाविरुद्ध मत देतो तेव्हा त्याची उमेदवारी फार तर संकटात येते. भारतीय खासदाराचे आसनच जाऊ शकते. कुक यांनी वा त्या १३९ मजूर सदस्यांनी केले, ते भारतात करणे कायद्यानेच महाग झाले आहे.

पक्षांच्या भूमिका तर येथेही खुर्चीबरोबर बदलतात. १९६२च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल काँग्रेसच्या सरकारांनी दडवून ठेवला. मार्च २०१४मध्ये त्याचा काही भाग बाहेर आला तेव्हा भारतीय जनता पक्षाचे नेते अरुण जेटली यांनी असे दस्तऐवज अनिश्चित काळ गोपनीय ठेवणे योग्य नसल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी जुलैमध्ये, संरक्षणमंत्री या नात्याने, तो प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही, असे उत्तर त्यांनीच राज्यसभेत दिले. विरोधात असताना जो प्रकाश हवासा वाटतो, तो सत्तेत आल्यावर डोळ्यांना खुपू लागतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. युद्धाच्या प्रत्येक परवानगीला एक वा दोन वर्षांची मुदत असावी आणि ती संपताच सदस्यांना पुन्हा उभे राहून मत द्यावे लागावे. बर्ड यांची सूचना मान्य झाली असती तर २००२चा ठराव २०२०मध्ये वापरता आला नसता. युद्ध आणि शांततेच्या प्रश्नावर पक्षादेश काढू नये आणि भारतात त्यासाठी पक्षांतरबंदी कायद्यात अपवाद करावा. गोपनीय अहवाल वाचल्याची नोंद मतदानापूर्वी व्हावी, म्हणजे न वाचता दिलेले मत निदान तसे ओळखता येईल. आणि स्वसंरक्षणाची निकड नसेल तर असा ठराव निवडणुकीच्या तोंडावर घेऊ नये. १९९१मध्ये हे जमले होते.

तरीही नियम किती पुरतात, हे १९७३च्या कायद्याने दाखवून दिले आहे. साठ दिवसांची अट असूनही तिला वळसा घालणारे वकील प्रत्येक अध्यक्षाला मिळाले, कारण त्याच्या पक्षाच्या सदस्यांना आणि मतदारांना तो वळसा खपला. रिपब्लिकनांच्या युद्धाला डेमोक्रॅटांनी विरोध करणे आणि डेमोक्रॅटांच्या युद्धाला रिपब्लिकनांनी, यात कोणाचेच काही जात नाही. फुलब्राइट, कुक, चेफी यांच्या शब्दाला वजन आले ते त्यांनी आपल्या माणसांना विचारलेल्या प्रश्नामुळे. त्यांच्यामागे मतदार उभे राहिले तर असे सदस्य वाढतील; मतदारच पक्षाचा रंग पाहून युद्धाविषयीचे मत बनवू लागले, तर ते विरळा होत जातील. २२ टक्क्यांचे ८६ टक्के झाले ते कोणा सिनेटरच्या मतदानात नव्हे, सामान्य नागरिकांच्या उत्तरांत. पुढच्या वेळी एखादे सरकार, मग ते वॉशिंग्टनचे असो वा दिल्लीचे, युद्धाची हाक देईल तेव्हा हीच कारवाई दुसऱ्या पक्षाने केली असती तर आपण काय म्हटले असते, हे त्या सरकारच्या पाठीराख्यांनी स्वतःस आधी विचारावे आणि मग आपल्या प्रतिनिधीस विचारावे. विरोधकांनी विचारलेला तोच प्रश्न सरकारला कानाआड करता येतो. पाठीराख्यांनी विचारलेला येत नाही.